स्पॅनिशमध्ये पाऊस कसा पडतो

वर्गात हवामानाचा धडा आला की फळ्यावर एक चूक हमखास उमटते. ‘पाऊस पडतो’ हे स्पॅनिशमध्ये लिहायला सांगितले की निम्मा वर्ग लिहितो, ‘एल युएबे’. ‘युएबे’ म्हणजे पाऊस पडतो आणि ‘एल’ म्हणजे तो. मी विचारते, “हा ‘तो’ कोण?” उत्तर येत नाही. येणार कुठून? तो ‘तो’ स्पॅनिशमधला नाहीच, इंग्रजीतून आलेला आहे. इंग्रजीत ‘इट’ लावल्याशिवाय वाक्य उभे राहत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र ‘युएबे’ एवढाच शब्द पुरतो. कर्ता नाही, कर्म नाही, तरीही वाक्य पूर्ण आहे.

मग मी फळा पुसते आणि सांगते, इंग्रजी थोडा वेळ बाजूला ठेवा, घरी काय बोलता ते आठवा. मे महिन्यात दुपारी आजी पदराने वारा घेत काय म्हणते? “उकडतंय.” पहाटे? “उजाडलं.” ढग जमले की? “भरून आलंय.” मग? “गडगडतंय.” यातले कोण उकडतंय, कोण उजाडलं, कोण गडगडतंय? कोणीच नाही. शाळेच्या व्याकरणात आपण अशा क्रियापदांना अकर्तृक किंवा भावकर्तृक म्हणायला शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो. स्पॅनिशमध्ये ती रोजच्या बोलण्यात जागोजागी भेटतात. ‘त्रुएना’ म्हणजे गडगडतं, ‘न्येबा’ म्हणजे बर्फ पडतो, ‘ग्रानीसा’ म्हणजे गारा पडतात, ‘आमानेसे’ म्हणजे उजाडतं, ‘आनोचेसे’ म्हणजे अंधारतं. ‘त्रुएना’ आणि ‘गडगडतं’ हे शेजारी शेजारी लिहिले की वर्गातले चेहरे एकदम मोकळे होतात.

पुण्यात स्पॅनिश शिकवताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. मराठी माणसाने ही भाषा इंग्रजीच्या वळशाने शिकू नये. हवेविषयीचे बोलणे हा त्याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा आहे, कारण हवेविषयी बोलताना माणूस विचार करून बोलत नाही. जे तोंडात येते ते घरातले असते, आणि भाषेचे खरे वळण तिथेच दिसते.

पुढे जाण्यापूर्वी उच्चारांविषयी एवढेच. स्पॅनिशमध्ये ‘ह’चे अक्षर लिहितात पण बोलत नाहीत, आणि ‘व’चे अक्षर ‘ब’सारखे उच्चारतात. काही शब्दांत स्पेनच्या बहुतेक भागांत ‘थ’ ऐकू येतो, तिथे लॅटिन अमेरिकेत ‘स’ म्हणतात. इथे बहुतेक ठिकाणी मी लॅटिन अमेरिकेतले उच्चार दिले आहेत.

हवा थंडी ‘करते’

हवेची चौकशी करायची तर स्पेनमध्ये विचारतात, ‘के त्येंपो आसे?’ शब्दशः, कोणती हवा करते? उत्तर येते, ‘आसे फ्रीओ’, थंडी करते. ‘आसे कालोर’, उष्मा करते. ‘आसे सोल’, ऊन करते. ‘आसे ब्येंतो’, वारा करते. सगळीकडे ‘करणे’ हेच क्रियापद.

पण सगळ्याच गोष्टी ‘केल्या’ जात नाहीत. आकाशाची अवस्था सांगताना ‘एस्ता’ येते: ‘एस्ता नुब्लादो’, आभाळ आलंय, ‘एस्ता देस्पेखादो’, निरभ्र आहे. समोर दिसणारी गोष्ट दाखवताना ‘आय’ येते: ‘आय न्येब्ला’, धुके आहे; ‘आय तोर्मेंता’, वादळ आहे. आणि पाऊस, बर्फ, गडगडाट यांना स्वतःचे क्रियापद आहे. करणे, असण्याची दोन रूपे आणि स्वतःचे क्रियापद, अशा चार वाटांनी स्पॅनिश हवा बोलते.

नव्या विद्यार्थ्याला हे चार खण पाठ करणे जड जाते. तेव्हा मी त्याला आपली यादी वाचून दाखवते. थंडी पडते, वारा सुटतो, पाऊस लागतो, आभाळ येते, धुके पसरते, ऊन तापते, विजा होतात, वादळ उठते. किती क्रियापदे झाली? ‘पाऊस सुटला’ किंवा ‘वारा लागला’ म्हटले तर अर्थ बदलतो, हे आपल्याला कोणी शिकवले नाही. त्यामानाने स्पॅनिशचे चार खण म्हणजे काहीच नाही.

थंडीचा आणखी एक बारकावा आहे. हवेत थंडी असेल तर ‘आसे फ्रीओ’. मला थंडी वाजत असेल तर ‘तेंगो फ्रीओ’, म्हणजे माझ्यापाशी थंडी आहे. पाणी गार असेल तर ‘एल आग्वा एस्ता फ्रीआ’. भूक, तहान, झोप आणि भीती यांनाही हेच ‘तेंगो’ चालते. आपल्याकडे भूक लागते, झोप येते, भीती वाटते आणि थंडी वाजते. क्रियापदे वेगळी, पण दोन्ही भाषांचा समज एकच: मी थंड नसतो, थंडी माझ्याकडे येते. इंग्रजीतून येणारा विद्यार्थी इथे ‘मी गरम आहे’ असे वाक्य जुळवतो. त्या वाक्याचा स्पॅनिशमध्ये चारचौघांत लाज वाटेल असा अर्थ होतो. ‘मला उकडतंय’ यातला ‘मला’ धरून चालणारा मात्र आपोआप ‘तेंगो कालोर’पाशी पोचतो.

‘फार थंडी आहे’ म्हणतानाही तेच. स्पॅनिशमध्ये ‘मूचो फ्रीओ’ म्हणतात, ‘मुय फ्रीओ’ नाही, कारण इथे ‘फ्रीओ’ हे नाम आहे. आपली ‘थंडी’ही नामच. दार उघडेच आहे, आपण मात्र खिडकीतून शिरायला बघतो.

चार थेंबांपासून भाल्यांपर्यंत

पाऊस थोडासा पडला की मराठीत आपण म्हणतो, “चार थेंब पडले.” स्पॅनिश माणूस म्हणतो, ‘कुआत्रो गोतास’. शब्दशः चार थेंब! तीनही नाहीत, पाचही नाहीत. थोडेपणा मोजायला दोन्हीकडे चारच बोटे वापरली गेली. नुकताच पाऊस टिपटिपू लागला की स्पेनमध्ये ‘एस्ता चिस्पेआंदो’ म्हणतात. ‘चिस्पा’ म्हणजे ठिणगी. पहिले तुरळक थेंब त्यांना ठिणग्यांसारखे वाटले.

बारीक पावसाला प्रत्येक मुलखाने आपले नाव दिले आहे. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, अटलांटिकवरून येणाऱ्या ओल्या वाऱ्यांच्या पट्ट्यात, हा पाऊस तासन्‌तास रेंगाळतो. बास्क प्रदेशात त्याला ‘सिरिमिरी’ म्हणतात, गालिसियात ‘ओर्बायो’. मेक्सिकोत खालापा शहराच्या डोंगराळ भागात ‘चिपीचिपी’. आणि स्पेनभर समजणारा एक सुंदर शब्द आहे, ‘कालाबोबोस’. ‘कालार’ म्हणजे आतपर्यंत भिजवणे, ‘बोबोस’ म्हणजे भोळसट माणसे. हा काय पाऊस, म्हणून जो छत्री उघडत नाही त्याला हळूहळू चिंब करणारा पाऊस. मावळात ज्यांनी बुरंगाट अंगावर घेतले आहे, त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

पेरूची राजधानी लिमा इथली गोष्ट वेगळीच आहे. शहर वाळवंटी किनाऱ्यावर वसलेले आहे. समुद्रातून वाहणारा थंड हम्बोल्ट प्रवाह किनाऱ्यालगतची हवा गार ठेवतो, त्यामुळे ढग खालीच अडकतात, वर चढून बरसत नाहीत. वर्षभरात पडणारा पाऊस मोजून काही मिलिमीटर भरतो. तरीही जूनपासून चार-पाच महिने शहरावर करडे छत असते आणि हवेतून धुक्यापेक्षा जड, पावसापेक्षा हलके असे काहीतरी झिरपत राहते. त्याला लिमावासी ‘गारूआ’ म्हणतात. आणि त्या करड्या आभाळाला? ‘पांसा दे बुर्रो’, गाढवाचे पोट. ज्याने गाढव जवळून पाहिले आहे त्याला तो मळकट, पांढुरका करडा रंग लगेच डोळ्यांपुढे येईल. असा शब्द रोज जनावरांत वावरलेल्या माणसांनाच सुचतो.

आता दुसरे टोक. धो धो पाऊस असला की ‘युएबे आ कांतारोस’, म्हणजे घागरींनी पडतो. त्याहून जोराचा असला की स्पेनमध्ये म्हणतात, ‘काएन चूसोस दे पुंता’, भाले टोक खाली करून कोसळताहेत. आपण मुसळधार म्हणतो. त्यांची घागर आणि आपले मुसळ दोन्ही घरातली, ‘चूसो’ मात्र रस्त्यावरचा. रात्रीचे पहारेकरी हातात हा भाला घेऊन फिरत. या पहारेकऱ्यांची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

पावसाचे काही शब्द मात्र गंभीर आहेत. स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर शरद ऋतूत ‘गोता फ्रीआ’ची धास्ती असते. शब्दार्थ थंड थेंब. आकाशात उंचावर थंड हवेचा एक गोळा मुख्य प्रवाहापासून तुटून वेगळा पडतो आणि खाली उन्हाळाभर तापलेला समुद्र असतो. दोघांच्या मध्ये हवा वेगाने वर चढते आणि काही तासांत कित्येक महिन्यांचा पाऊस ओतते. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी वालेन्सिया प्रांतात हेच झाले. तुरीस इथे एका दिवसात ७७० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि त्या पुरात सव्वादोनशेच्या आसपास माणसे गेली. हवामान खाते या प्रकाराला चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘दाना’ म्हणते. तोवर बातम्यांत अधूनमधून ऐकू येणारा हा शब्द त्या रात्रीनंतर स्पेनच्या घराघरांत गेला. २६ जुलै २००५ ही तारीख मुंबईकर ज्या सुरात उच्चारतो, तोच सूर आता वालेन्सियाच्या माणसाच्या ‘दाना’ शब्दात असतो.

सोलणारी थंडी, न्यायाचे ऊन

स्पेन म्हणजे समुद्रकिनारा आणि ऊन, असे आपल्याला पर्यटनाच्या चित्रांवरून वाटते. देशाचा मधला भाग मात्र उंच पठार आहे. माद्रिद समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंचीवर आहे आणि समुद्र तिथून तीनशे किलोमीटर दूर. पठारावरचे लोक आपल्या हवेचे वर्णन एका ओळीत करतात: नऊ महिने ‘इंब्येर्नो’, तीन महिने ‘इंफ्येर्नो’. पहिला शब्द हिवाळा, दुसरा नरक. एका अक्षराच्या फरकात सगळे वर्ष आले.

तिथल्या थंडीला ‘उन फ्रीओ के पेला’ म्हणतात, सोलून काढणारी थंडी. बटाट्याची साल काढायलाही हेच क्रियापद वापरतात. आणि उन्हाळ्यात दुपारी रस्ते ओस पाडणारे ऊन म्हणजे ‘सोल दे खुस्तीस्या’, न्यायाचा सूर्य. हा शब्दप्रयोग मूळचा बायबलमधला. चर्चमधून तो शेतात आला आणि कोणालाही सूट न देणाऱ्या उन्हाला जाऊन चिकटला.

दमट उकाड्यासाठी ‘बोचोर्नो’ असा खास शब्द आहे. तो एका लॅटिन वाऱ्याच्या नावावरून आला. गंमत अशी की ‘बोचोर्नो’चा दुसरा अर्थ शरमेने कानशिले तापणे असा आहे. उकाड्याचे खरे माहेर मात्र अर्जेंटिनातले ब्वेनोस आयरेस. तिथे लिफ्टमध्ये दोन अनोळखी माणसे भेटली की एक वाक्य ठरलेले: ‘लो के माता एस ला उमेदाद’, जीव घेतो तो दमटपणा. उन्हाचे काही नाही हो, ही दमट हवा मारते! दादर स्थानकाच्या पुलावर रुमालाने मान पुसत हेच वाक्य आपण किती वेळा बोललो असू. ब्वेनोस आयरेसला त्यातून सोडवतो तो ‘पांपेरो’, दक्षिणेकडून पांपाच्या गवताळ मैदानांवरून येणारा थंड वारा. तो आला की तासाभरात हवा पालटते.

वाऱ्यांची नावे हा तर वेगळाच खजिना आहे. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत पूर्वेकडून येतो तो ‘लेबांते’ आणि पश्चिमेकडून येतो तो ‘पोन्येंते’. अर्थ साधा आहे, उगवतीचा आणि मावळतीचा. झारागोसात एब्रो नदीच्या खोऱ्यातून सुसाटणारा ‘थ्येर्थो’ इतका जुना आहे की ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात रोमन मुत्सद्दी केटो याने त्याची नोंद करून ठेवली: हा वारा बोलणाऱ्याचे तोंड भरून टाकतो आणि भरलेली गाडीही उलथवतो. मालागाचा ‘तेर्राल’ हा जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा, उन्हाळ्यात भट्टीसारखा. आपल्या कोकणातल्या दर्यावर्दींनी समुद्राकडून येणाऱ्याला खारा वारा म्हटले आणि जमिनीकडून येणाऱ्याला मतलई. जहाज ज्याच्या भरवशावर सुटायचे, त्या वाऱ्याला नाव देताना दोन्ही किनाऱ्यांनी आधी एकच गोष्ट पाहिली: तो येतो कुठून.

‘त्येंपो’ म्हणजे हवा, ‘त्येंपो’ म्हणजे वेळ

‘के त्येंपो आसे?’ या प्रश्नातला ‘त्येंपो’ मी मुद्दाम मागे ठेवला होता. या शब्दाचा अर्थ हवा असा आहे आणि वेळ असाही. ‘नो तेंगो त्येंपो’ म्हणजे मला वेळ नाही. ‘आसे माल त्येंपो’ म्हणजे हवा वाईट आहे. विद्यार्थी दर वर्षी विचारतात, “मॅडम, एकाच शब्दाचे दोन अर्थ, गोंधळ नाही होत?” माझे उत्तर असे की या शब्दाला मुळात अर्थ एकच आहे. घड्याळ नव्हते तेव्हा काळ कळायचा तो हवेवरूनच. पेरायचे कधी, जहाज सोडायचे कधी, मेंढरे डोंगरावर न्यायची कधी, हे आभाळ सांगायचे.

इथे ते भालेवाले पहारेकरी पुन्हा येतात. स्पेनच्या शहरांत रात्रभर फिरताना ते मोठ्याने वेळ सांगत, आणि त्याच दमात हवाही: बारा वाजले आणि आकाश निरभ्र! ‘निरभ्र’ यासाठी शब्द होता ‘सेरेनो’. या पहारेकऱ्यांचे नावही सेरेनोच. घरात अंथरुणावर पडलेल्या माणसाला एकाच हाळीत दोन्ही ‘त्येंपो’ कळत. १९७०च्या दशकापर्यंत स्पेनमध्ये सेरेनो होते. घरमालकांच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असे.

मराठीतही हे सगळे आहे, फक्त लपलेले आहे. उन्हाळा म्हणजे मूळचा उष्णकाल. हिवाळा म्हणजे हिमकाल. पावसाळा म्हणजे प्रावृष-काल. शेवटच्या ‘आळा’मध्ये काळ दडून बसला आहे. आता स्पॅनिश बघा. ‘बेरानो’ म्हणजे उन्हाळा. तो लॅटिन ‘वेरानुम तेंपुस’मधून आला, म्हणजे वसंतकाळ. पुढे ‘तेंपुस’ गळला आणि विशेषण तेवढे उरले. ‘इंब्येर्नो’ म्हणजे हिवाळा. तो लॅटिन ‘हिबेर्नुम’मधून आला, म्हणजे थंडीचा काळ. त्यातला ‘हिब’ आणि आपल्या हिवाळ्यातला ‘हिव’, जो संस्कृत ‘हिम’चा वंशज, ही दोन्ही एकाच प्राचीन इंडो-युरोपीय धातूची नातवंडे आहेत. ‘न्येब्ला’ म्हणजे धुके, तिचे नाते आपल्या ‘नभ’शी आहे. ‘ब्येंतो’ म्हणजे वारा, त्याचे ‘वात’शी. हजारो वर्षांपूर्वी दोन दिशांना गेलेल्या भावंडांनी थंडी, धुके आणि वारा यांची नावे मात्र बरोबर नेली.

काही शब्द वेगळ्या वाटेने भेटतात. अरबी ‘मौसिम’ म्हणजे ठरलेला काळ. अरबी समुद्रातले खलाशी वाऱ्यांच्या पालटासाठी हा शब्द वापरत. तो आपल्याकडे ‘मोसम’ झाला. इथल्या बंदरांत आलेल्या पोर्तुगीजांनी तो ‘मोंसांव’ म्हणून उचलला आणि त्यांच्याकडून स्पॅनिशमध्ये ‘मोंसोन’ गेला. आपले ‘मोसमी वारे’ आणि त्यांचा ‘मोंसोन’ एकाच शब्दापासून निघाले, आणि त्या शब्दाचा अर्थही पुन्हा काळच. गोव्यात ज्यांच्या घरी जुनी माणसे पोर्तुगीज बोलत, त्यांना तर हा लेख ओळखीचा वाटला असेल. पोर्तुगीजमध्येही ‘तेंपु’ म्हणजे वेळ आणि हवा दोन्ही, आणि थंडी तिथेही ‘केली’च जाते.

मे महिन्याची चाळीस तारीख

हवा आणि काळ एक असले की दिनदर्शिका हेच हवामानाचे पुस्तक होते. आपल्याकडे ती जबाबदारी नक्षत्रांनी घेतली: रोहिणी, मृग, आर्द्रा, हस्त. पडतील स्वाती तर पिकतील मोती, हे शेतकऱ्याने आकाश पाहून बांधलेले गणित आहे. स्पेनमध्ये ते काम संतांच्या दिवसांनी केले. ३ फेब्रुवारी, संत ब्लास: करकोचे परतायला हवेत. ११ नोव्हेंबर, संत मार्तीन: थंडीच्या तोंडावर चार दिवस ऊब परतते, तिला ‘संत मार्तीनचा छोटा उन्हाळा’ म्हणतात. अर्जेंटिना आणि उरुग्वेमध्ये ३० ऑगस्टच्या आसपास येणारे वादळ संत रोसाच्या नावाचे असते.

पण माझी सर्वांत लाडकी म्हण आहे मे महिन्याच्या चाळीस तारखेची. ‘आस्ता एल कुआरेंता दे मायो नो ते कीतेस एल सायो’. मेच्या चाळीस तारखेपर्यंत अंगरखा उतरवू नकोस. मेमध्ये ऊन पडले म्हणून फसू नकोस, थंडी मागे वळून येते. मे तर एकतीसला संपतो. मग पुढचे दिवस मोजत जायचे, आणि चाळीस तारीख येते ९ जूनला. आपला मृग साधारण ७ जूनला लागतो. तिथला शेतकरी ज्या दिवसांत अंगरखा उतरवायला धजावतो, त्याच दिवसांत इथला शेतकरी इरले आणि छत्री माळ्यावरून काढतो.

पुढच्या वर्षाचा अंदाज बांधायचीही दोन्हीकडे पद्धत आहे. मेक्सिकोत ‘काबान्युएलास’ म्हणून जानेवारीचे पहिले बारा दिवस न्याहाळतात. एक तारखेची हवा जानेवारीची, दोन तारखेची फेब्रुवारीची, असे करत वर्ष पुरे होते. हे वाचताना बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची अक्षय्य तृतीयेची घटमांडणी आठवल्याशिवाय राहत नाही. स्पेनमध्ये १८४० पासून निघणारे ‘झारागोसानो’ नावाचे पंचांगवजा पुस्तक आजही विकत मिळते. विज्ञानाच्या कसोटीवर हे अंदाज टिकत नाहीत. पण ज्याचे वर्षभराचे पोट पावसावर आहे, त्याने आभाळाकडे प्रश्न घेऊन बघायचे सोडले नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

समुद्र ओलांडलेले शब्द

स्पॅनिश भाषा १४९२ नंतर अटलांटिक ओलांडून गेली तेव्हा चार ऋतूंची नावे बरोबर घेऊन गेली. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात त्या नावांना लावायला ऋतूच नव्हते. तिथे दोनच काळ, कोरडा आणि पावसाचा. लोकांनी नावे टाकली नाहीत, त्यांचे अर्थ बदलले. आज कोस्टा रिकात मे ते नोव्हेंबर या धो धो पावसाच्या महिन्यांना ‘इंब्येर्नो’ म्हणतात आणि डिसेंबर ते एप्रिल या कोरड्या महिन्यांना ‘बेरानो’. म्हणजे आपण पावसाळा म्हणू तो त्यांचा ‘हिवाळा’! कोलंबिया आणि इक्वेडोरमध्येही पावसाचा काळ तो इंब्येर्नो. ‘पावसाळा’ असा घरगुती एकशब्दी ऋतू स्पेनकडे नव्हता, म्हणून ही वेळ आली.

काही शब्द उलट्या दिशेने आले. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांनी त्यांच्या भयंकर वादळांना दिलेले नाव स्पॅनिशांनी ‘उराकान’ असे उचलले आणि तिथून ते साऱ्या युरोपात पसरले. असा वारा त्यांनी पाहिलाच नव्हता, मग त्याला नाव कुठले असणार?

आणि एक शब्द असा आहे जो लातूर-बीडच्या शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. आपली वर्तमानपत्रे ‘एल निनो’ लिहितात. मूळ उच्चार ‘एल नीन्यो’, म्हणजे देवनागरीतला ‘ञ’ जिथे शोभावा असा. अर्थ, तान्हा मुलगा. उत्तर पेरूच्या पाइता बंदराकडचे कोळी नाताळच्या सुमारास किनाऱ्यालगत येणाऱ्या कोमट पाण्याला बाळ येशूच्या नावाने हाक मारत. हे कोमट पाणी काही वर्षी फार पसरते. मग थंड पाण्यातले मासे नाहीसे होतात, पेरूच्या वाळवंटात पूर येतात, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला आपला मोसमी पाऊस अनेकदा अडखळतो. २०१५ हे असेच वर्ष होते. मराठवाड्यात दुष्काळ पडला आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पेरूच्या कोळ्यांचा घरगुती शब्द लातूरच्या नळापाशी असा येऊन पोचला.

या दोन टोकांना जोडणारी पहिली मोठी नोंद भारतातच झाली. गिल्बर्ट वॉकर हे १९०४ ते १९२४ या काळात भारतीय वेधशाळांचे प्रमुख होते. मोसमी पावसाचा अंदाज बांधण्यासाठी त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे ताडून पाहिले आणि प्रशांत व हिंदी महासागरांमधला दाबाचा झोपाळा ओळखला. भारताचे हे हवामान खाते पुढे १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिसच म्हणतात.

पावसापलीकडचे बोलणे

हवेची भाषा मुरली की ती हवेपुरती राहत नाही. फार वर्षे लोटली हे सांगायला आपण म्हणतो, पुलाखालून बरेच पाणी वाहून गेले. स्पॅनिश माणूस म्हणतो, ‘आ योबीदो मूचो’, तेव्हापासून खूप पाऊस पडून गेला. सांगितलेले कोणी कानावर घेत नसेल तर तो ‘पाऊस ऐकल्यासारखा’ ऐकतो, आपल्याकडे पालथ्या घड्यावर पाणी. सगळ्यांचे समाधान होणे अशक्य असेल तर ‘नूंका युएबे आ गुस्तो दे तोदोस’: पाऊस कधी सर्वांच्या मर्जीने पडत नाही. एकाला पेरणीला हवा असतो, दुसऱ्याचा कांदा उघड्यावर असतो. आणि दिवस वाईट आले की एकमेकांना सांगतात, ‘आल माल त्येंपो, बुएना कारा’. वाईट हवेला चांगला चेहरा दाखव. इथे ‘त्येंपो’ म्हणजे हवा की काळ, ते ज्याचे त्याने घ्यावे. दोन्ही अर्थ खरे आहेत.

गेल्या जूनमध्ये वर्ग चालू असताना बाहेर अंधारून आले. एका मुलीने फळ्याच्या कोपऱ्यात आपणहून तारीख लिहिली: ‘३९ दे मायो’. म्हणजे ८ जून. दोन मिनिटांत पहिली सर आली आणि सगळे खिडकीशी गेले. एकाने विचारले, “मॅडम, या वासाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?” मी म्हटले, आधी मराठीत सांग. तो म्हणाला, “ओल्या मातीचा वास.” स्पॅनिशमध्ये म्हणतात ‘ओलोर आ त्येर्रा मोखादा’. ओलोर म्हणजे वास, त्येर्रा म्हणजे माती, मोखादा म्हणजे ओली. मी तीन शब्द फळ्यावर लिहिले. कोणीही त्यांचा अर्थ वहीत उतरवून घेतला नाही.